साहेब, बाह्या दुमडा

एखाद्या धंद्याची माहिती हवी असेल तर तो धंदा करणाऱ्यांशी बोलावं, असा सल्ला देणारा माणूस टर्नरशी कधी बोललेला नसतो. कीर्तनकार, वकील, रिक्षावाला यांना एक प्रश्न टाकला की तासाभराची निश्चिंती. टर्नरला विचारा, "तुमचं काम नेमकं काय असतं?" तो म्हणतो, "काय नाय, लेथवर असतोय." झालं, संपली मुलाखत.

मला कथेसाठी टर्नर हवा होता, म्हणून कासारवाडी गाठली. एका अंगाला लोकलचे रूळ, दुसऱ्या अंगाला मुंबई-पुणे रस्ता, २०२२पासून डोक्यावर मेट्रो, आणि नाशिक फाटा ओलांडला की भोसरीची एमआयडीसी. वार मुद्दाम गुरुवारचा धरला. विजेचा भार सगळ्यांचा एकाच दिवशी नको म्हणून औद्योगिक पट्ट्यांच्या सुट्ट्यांचे वार वेगवेगळे झाले, त्यात इथल्या वाट्याला गुरुवार आला. बाकीचं जग रविवारी लग्नं लावतं तेव्हा हा पट्टा फर्स्ट शिफ्टला असतो आणि गुरुवारी निवांत दाढी करतो.

चहाच्या टपरीवर लातूरकडचा एक सेटर, म्हणजे मशीनवर जॉब लावून देणारा टर्नर, भेटला. मी प्रश्नांची वही उघडली.

"यंत्राशी तुमचं नातं कसं आहे?"

"मशीनशी? मालकाचं हाय ते."

"कामातून निर्मितीचा आनंद मिळतो?"

"ओव्हरटाइम मिळतोय." शेजारचा म्हणाला, "तो बी सिंगलच." कायद्यानं दुप्पट द्यायला हवा, यावर मग दोघांचं पाऊण तास छान जमलं. माझी वही तशीच कोरी. शेवटी सेटरलाच दया आली. "असं बसून काय कळणार? उद्या शेडवर या."

शेडवर त्यानं आधी माझीच तपासणी केली. सैल झब्बा, शबनम पिशवी, बोटात पुष्कराज. लेखकाचा सगळा सरंजाम लेथच्या दृष्टीनं जिवावरचा निघाला. "साहेब, बाह्या दुमडा. पिशवी तिकडं ठेवा. अंगठी काढा." एवढी काळजी आहे तर हातमोजे तरी द्या, म्हटलं. "फिरत्या चकापाशी मोजा घालत नसतात. चकानं मोजा ओढला की त्याच्या मागनं हात जातोय." मी हात मागे बांधले ते निघेपर्यंत सोडले नाहीत.

त्या दिवशी मशीनवर पंचवीस एच-सेव्हनचं होल चाललं होतं. म्हणजे पंचवीस मिलिमीटरचं भोक एकवीस मायक्रॉनपर्यंत मोठं झालं तर माफ, लहान मात्र मुळीच नको. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे डोक्यात शिरेना, तेव्हा त्यानं माझा एक केस मागितला. देण्यासारखे फार उरलेले नाहीत, तरी दिला. डिजिटल मायक्रोमीटरच्या जबड्यात तो धरून म्हणाला, "साठ. पातळ झालाय." म्हणजे माझ्या एका केसाच्या तिसऱ्या हिश्श्यात हा माणूस पाळीभर काम करतो. मग गेज घेतला. एका टोकाला 'गो', ते भोकात गेलंच पाहिजे. दुसऱ्या टोकाला 'नो-गो', ते जाताच कामा नये. साहित्यात असा गेज निघाला तर संमेलनांचे मांडव बरेच लहान होतील.

ताजा जॉब उचलून मला मोजायचा होता. "थांबा, निवू द्या." मीटरभर पोलाद एका अंशाला बारा मायक्रॉनच्या आसपास वाढतं. म्हणून मोजमापासाठी जगभर वीस अंश सेल्सिअस हे तापमान ठरलेलं आहे, आणि म्हणून तपासणीच्या खोलीत एसी. त्या खोलीत शिरून मी कपाळ पुसत होतो, तर तपासणारा पोरगा ओरडला, "दार लावा, गेज तापतील!" दाराबाहेर पत्र्याखाली माणसं तापत होती, त्यांना टॉलरन्स जास्त असावा.

मी पुन्हा वही काढली. "या कामातलं कौशल्य तुम्ही कसं..." तेवढ्यात त्यानं बटण दाबून मशीन थांबवलं, दार सरकवलं आणि टूलच्या इन्सर्टकडे बोट दाखवलं. "टिप गेली." पाहिलं तर टोकाचा कणभर टवका उडालेला. आणि तो तर मशीनकडे पाठ करून माझ्याशी बोलत होता!

"कळलं कसं?"

"आवाज दिला की तिनं."

मला मघापासून एकच घरघर ऐकू येत होती. वहीत 'कौशल्य'पुढची जागा रिकामीच होती. तिथं 'पाठ' एवढंच लिहिलं.

इन्सर्टचा नवा कोपरा पुढे फिरवून तो चहाला बाहेर आला आणि पहिल्यांदाच त्यानं मला प्रश्न विचारला.

"हे लिहिणार म्हणता, ते किती शब्दाचं?"

"पाचशेच्या आसपास."

"आसपास म्हंजे? प्लस-मायनस किती?"

"तसं काही सांगितलेलं नाही."

त्यानं शेजारच्याकडे बघितलं. "ड्रॉइंग न बघताच जॉब लावलाय यांनी."

"आणि रिजेक्ट झाला तर?" शेजारच्यानं विचारलं.

"संपादक परत पाठवतात."

"मटेरियलचे पैसे कोण भरतंय?"