टीव्हीला कंठ फुटावा म्हणून

सर्वप्रथम, टीव्हीला दोष देणं थांबवा. भिंतीवर टांगलेली ती वस्तू कडेला जेमतेम दोन बोटं जाड आहे. आवाज काढायचा तर स्पीकरला हवा ढकलावी लागते, त्यासाठी त्याचा पडदा मागेपुढे हलावा लागतो, आणि हलायला जागा लागते. ती जागा आपणच दुकानात ‘अय्या, किती स्लिम!’ म्हणत नाकारलेली आहे. जुन्या डबा टीव्हीतले स्पीकर निदान आपल्याकडे तोंड करून बसायचे. आताचे बरेचसे खाली नाहीतर मागे तोंड करून बसतात. त्यामुळे नायिकेचा हुंदका आधी भिंतीला कळतो, मग आपल्याला.

साहित्य : टीव्ही एक, स्पीकर एक किंवा अनेक, वायर, मोबाइलची बॅटरी, आणि ‘कशाला उगाच, चाललंय ते चालू दे ना’ असं म्हणणारी घरातली एक व्यक्ती. ही शेवटची बाब विकत आणावी लागत नाही.

स्पीकर आणायला तुम्ही पुण्यात टापकीर गल्लीत जाल, मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाल. खोक्यावर ‘२,००० वॅट पीएमपीओ’ असं लिहिलेलं दिसेल. घाबरू नका, घरचं मीटर जळणार नाही. पीएमपीओ मोजायची कुठलीही मान्य पद्धत नाही. आकडा छापणाऱ्याच्या मनात येतो आणि खोक्यावर उतरतो. खोकं उघडायला लावा आणि अ‍ॅडॉप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. १२ व्होल्ट, १ अँपिअर असेल तर गुणाकार करा. आत बारा वॅट जातात. बाहेर सतत त्याहून जास्त येणं शक्य नाही. हा गुणाकार दुकानदारासमोर मोठ्याने करू नये. चहा मिळत नाही.

काही मंडळी माळ्यावरच्या जुन्या डेकचे स्पीकर खाली काढतात. चांगला विचार आहे, पण त्यांना अ‍ॅम्प्लिफायर लागतो. टीव्हीला थेट जोडून ते बोलणार नाहीत. अ‍ॅम्प्लिफायरच्या लाल खुणेला स्पीकरची लाल, काळ्या खुणेला काळी, एवढं पाळा. एका स्पीकरची उलटी लागली तर एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि ढोलाचा ठेका आपसातच खलास होतो. आवाज येत राहतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. लोक वर्षानुवर्षं बेसचं बटण पिळत बसतात.

आता टीव्हीच्या मागे हात घाला. दिसणार काही नाही. म्हणूनच साहित्यात बॅटरी आहे. तिथे तीन भोकांशी आपला संबंध आहे. बारीक गोल भोक हेडफोनचं. ते सगळ्यांशी जमवून घेतं, पण कधी कधी त्यातून एक सलग ‘हंऽऽ’ ऐकू येतं, टीव्हीला मंत्र मिळाल्यासारखं. अर्थिंग दोन वाटांनी आलं की हे होतं. केबलवाल्याची वायर बऱ्याचदा त्यातली एक वाट असते.

दुसरं भोक ऑप्टिकल. तोशिबाने १९८३ मध्ये ही पद्धत काढली. या वायरीतून वीज जात नाही, उजेड जातो, त्यामुळे ‘हंऽऽ’चा प्रश्न मिटतो. लाल उजेड दिसला की नवशिक्यांना फार बरं वाटतं. मात्र नव्या वायरीच्या टोकावर पारदर्शक प्लास्टिकची टोपी असते, ती काढायची असते. ती न काढता भोकात कोंबणाऱ्यांची संख्या पाहता कंपन्यांनी ती एव्हाना भगवी करायला हवी होती.

तिसरं एचडीएमआय, आणि उत्तम तेच. पण टीव्हीला अशी दोन-तीन भोकं असतात आणि आवाज उलट दिशेने बाहेर सोडणारं सहसा एकच, ज्याच्याखाली ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेलं असतं. ही सोय २००९ पासून आहे. तिचा फायदा म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने स्पीकरचा आवाज कमी-जास्त होतो, फक्त त्यासाठी ‘सीईसी’ चालू करावं लागतं. मेनूत ‘सीईसी’ शोधाल तर बऱ्याचदा सापडणार नाही. सॅमसंगने त्याचं बारसं ‘एनीनेट प्लस’ केलं, एलजीने ‘सिम्पलिंक’, सोनीने ‘ब्राव्हिया सिंक’. प्रत्येक आत्याने वेगळं नाव ठेवलंय, मूल तेच.

सगळं जोडलंत, आवाज येत नाही? अपेक्षित आहे. साऊंडच्या मेनूत जाऊन ‘टीव्ही स्पीकर’ऐवजी बाहेरचा स्पीकर निवडा. तरीही शांतता असेल तर ‘पीसीएम’ निवडा. टीव्ही डॉल्बीत बोलत असेल आणि स्पीकरला ती कळत नसेल, तर दोघं गप्प बसतात.

‘एवढ्या वायरी कशाला, ब्लूटूथ आहे की!’ असं म्हणणारा भाचा प्रत्येक घरात असतो. ब्लूटूथवर आवाज उशिरा येतो, दीडदोनशे मिलिसेकंद सहज. मालिकेत थप्पड तीन कोनांतून तीनदा दाखवतात, तिथे फरक पडत नाही. क्रिकेटमध्ये पडतो. कड लागल्याचा आवाज कानी येईपर्यंत चेंडू यष्टिरक्षकाच्या दिशेने पाचसहा मीटर गेलेला असतो. खरं तर माणूस याबाबतीत बराच सहनशील आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर खटकू लागतो, पण मागे राहिला तर १२५ पर्यंत लक्षात येत नाही. साहजिक आहे: वीज आधी चमकते, गडगडाट मागून येतो, कानाला उशिराची सवय जन्मापासूनची. सेटिंगमध्ये ‘ऑडिओ डिले’ दिसलं म्हणून हरखू नका. नाव वाचा. तो बहुधा आवाज आणखी मागे ढकलतो.

सबवूफर असेल तर कोपऱ्यात ठेवू नका. दोन भिंती मिळून त्याचा ठेका फुगवतात आणि थेट जमिनीवर ठेवलात तर स्लॅब तो खालच्या मजल्यावर पोचवतो. खालचे काका वर येतात तेव्हा ते तुमच्या सिनेमाची तक्रार करत नसतात. त्यांना सिनेमा ऐकूच येत नाही, फक्त धडधड येते, आणि दार उघडल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ‘मिक्सर लावलाय का?’ असा असतो.

शेवटची पायरी तुमच्या अनुपस्थितीत पार पडते. तुम्ही ऑफिसात, ऐन मीटिंगमध्ये. घरून फोन येतो, ‘अरे, चित्र दिसतंय पण आवाज गेला.’ एआरसी, सीईसी, पीसीएम यांपैकी एकही अक्षर उच्चारू नका. ‘टीव्ही बंद कर, मागचा खटकासुद्धा. एक मिनिट थांब. मग परत लाव,’ एवढंच सांगा. टीव्ही आणि स्पीकर नव्याने एकमेकांची ओळख करून घेतात आणि बहुधा आवाज येतो. ‘झालं होतं काय?’ असं आईने विचारलं तर ‘लूज कनेक्शन’ म्हणा. हे उत्तर तिला रेडिओच्या काळापासून मान्य आहे.