रिकाम्या बरणीचं पुनर्वसन: एक कार्यपद्धती

सातारा जिल्ह्यात पुनर्वसन हा शब्द जपून वापरावा लागतो. कोयनेच्या धरणग्रस्तांचे काही प्रश्न साठ वर्षांनंतरही फायलींत पडून आहेत. त्या मानाने काचेच्या बरणीचं प्रकरण सोपं. जॅम संपला, कॉफी संपली, की बरणी विस्थापित होते आणि घरातली कर्ती बाई तिला ओट्याखालच्या तात्पुरत्या छावणीत हलवते. पुढची कारवाई अशी.

आधी पात्रता. काठावरून अलगद नख फिरवावं. नख कुठे अडलं तर कपची उडालेली आहे, अर्ज फेटाळावा. अशा बरणीत बटणं, खिळे काय हवं ते ठेवा, खाण्याचं काही नको. मग लेबल. बरणी रात्रभर कोमट पाण्यात बुडवावी आणि उरलेला चिकटा खोबरेल तेल व खायचा सोडा एकत्र करून घासावा. महाबळेश्वरच्या सहलीचा पुरावा म्हणून लेबल राहू द्यायचं असेल, तर हरकत नाही.

खरा घोळ झाकणाचा. काच वास धरत नाही आणि पिवळीही पडत नाही. 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीपुढे प्लास्टिकचे डबे जन्मभरासाठी शरण जातात, काच साबणाच्या एका हातात मोकळी होते. झाकणाच्या आतलं मऊ अस्तर मात्र मागचा जन्म विसरत नाही. लोणच्याच्या झाकणाखाली महिनाभर ठेवलेले तासगावचे बेदाणे खाऊन पाहावेत, शंका राहणार नाही. त्यातून मीठ आणि आंबट रस मिळून पत्र्याला गंज चढवतात. तेव्हा लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा, आणि जुनं झाकण भडंगासारख्या कोरड्या मंडळींना द्यावं. तेही आटे झिजलेले नसतील तरच, नाहीतर पावसाळ्यात भडंग दोन दिवसांत मऊ पडतं.

आता उकळणं. पातेल्याच्या तळाशी फडकं घालावं, पाणी गार असतानाच बरणी आत ठेवावी आणि उकळी फुटल्यावर दहा मिनिटं थांबावं. घाई करणाऱ्यांनी कराडजवळची ओगलेवाडी आठवावी. तिथल्या ओगले काच कारखान्याचा प्रभाकर कंदील घरोघरी रात्रभर जळायचा, पण तापलेल्या कंदिलाच्या काचेवर गार पाण्याचे चार थेंब उडाले की काच तडकलीच. जॅमच्या बरणीचा स्वभाव तोच. गरम बरणीतच गरम जॅम भरावा.

जॅम अर्थातच स्ट्रॉबेरीचा, कारण हिवाळ्यात वाई-पाचगणीच्या रस्त्यावर ती घेतल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. या फळात पेक्टिन कमी, म्हणून लिंबू पिळावं. बरणी किती मिलिलिटरची, असं विचारू नये. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने 1970 पासून महाराष्ट्राला वाटी-चमच्याच्या मापाची सवय लावली आहे. बरणीत किती वाट्या पाणी मावतं ते आधी मोजून ठेवावं, म्हणजे शेवटचे चार चमचे जॅम कुठे ठेवायचे हा प्रश्न उभा राहत नाही. (राहिलेच, तर पोळीशी संपवावेत.)

एका कलमात मात्र थट्टा नाही. पुन्हा लावलेलं झाकण कारखान्यातल्यासारखं हवाबंद बसत नाही. त्यामुळे घरचा जॅम फ्रीजमध्ये ठेवावा आणि लवकर संपवावा. आणि नुसत्या तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाहेर ठेवू नये. हवा नाही, आंबटपणा नाही, अशा जागी बोट्युलिझमचे जंतू विष तयार करतात, आणि ते वासावरून किंवा चवीवरून कळेलच असं नाही.

शेवटी वाटप. शेजारी गेलेली बरणी रिकामी परत येत नाही, ती येईपर्यंत वाट पाहावी. पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाबरोबर गेलेली बरणी निर्लेखित समजावी. दिवाळीत तो झाकण तेवढं आणतो, तेही दुसऱ्याच बरणीचं.