हिरव्या ठिपक्याचा अंमल
पाकिटावरील हिरव्या ठिपक्यावर विश्वासून बिनदिक्कत बिस्किटे खाणाऱ्या नवदीक्षित व्हीगनाला, त्या ठिपक्याच्या अमलात दूध, तूप आणि मध राजरोस नांदतात अशी वर्दी कोणी परोपकारी सल्लागार देतो, आणि मग घटकांच्या यादीतील बारीक अक्षरांत ‘मिल्क सॉलिड्स’ हुडकण्याची जी तपासणी सुरू होते, तिच्यापुढे जुन्या जकातनाक्यावरील झडतीही सौम्य वाटावी. व्हीगन अन्नासाठी सरकारने 2022 साली स्वतंत्र नियमावली जारी केली; पण सल्ल्याची हौस कायद्याने थोडीच भागते! एक जण बदामाच्या महागड्या दुधाची शिफारस करतो, दुसरा त्याची टवाळी करून ओटच्या दुधाची तरफदारी करतो, आणि या मसलतीत नारळाच्या दुधाची सोलकढी, तेलावरचे थालीपीठ व पिठले-भाकरी यांची दखल मात्र कोणी घेत नाही. वाचकहो, थालीपीठावरचा लोण्याचा गोळा तेवढा बाजूला सारा आणि निर्धास्त जेवा.