आधी पाटी, मग पोपाय

घर विकलं की जुन्या मालकाच्या नावाची पाटी उतरते. १९५६ मध्ये पॅरामाउंटने पोपायची जुनी कार्टूनं टीव्हीसाठी विकली, ती मात्र स्वतःच स्वतःची पाटी उतरवायला सांगून! कंपनीच्या बोधचिन्हातला डोंगर छोट्या पडद्यावर दिसता कामा नये. मग घेणाऱ्या ‘एएपी’ने डोंगर कापला आणि पोपायच्या आधी आपलंच नाव चिकटवलं.

नांदेड-लातूरकरांना याचं काय नवल?

केबलवाला सिनेमा लावायचा, तेव्हा खालून क्लासच्या प्रवेशाची पट्टी सरकायची. नायिका ढसाढसा रडतेय आणि हनुवटीवरून साड्यांचा सेल चाललाय! एएपीने निदान आपलं नाव सुरुवातीलाच उरकलं, भर रडण्यात घुसवलं नाही.

पोपायचा डोंगर २००७ च्या डीव्हीडीत परत आला.