स्टेडियमांची प्रतवारी

मुंबईचं वानखेडे हे राज्यातलं सर्वांत वाईट स्टेडियम. चर्चगेटला उतरून जरा चाललं की पोहोचलोच. प्रेक्षकाच्या निष्ठेची परीक्षाच होत नाही.

आदर्श म्हणावं ते पुण्याचं गहुंजे. शहराबाहेर, द्रुतगती मार्गालगत; बहुतेक प्रेक्षकांच्या डोक्यावर साक्षात आभाळ. 2024 च्या न्यूझीलंड कसोटीत पहिल्याच दिवशी प्यायला पाणी मिळेना. संघटनेने उगाच माफी मागितली.

याच निकषांवर आमच्या पिंप्राळ्यातला मोकळा प्लॉट सरस ठरतो. छप्पर नाही, नळ नाही, मे महिन्यात पंचेचाळिशीकडे झुकलेला पारा, सीमारेषेवर गाजरगवत आणि ‘मारेल तो आणेल’ ही आचारसंहिता. आंतरराष्ट्रीय दर्जासाठी फक्त तिकीट खिडकी कमी आहे. ती तेवढी महापालिकेने तातडीने बांधावी. मैदानाचं नंतर बघू.