वन्संच्या पैठणीचा निकाल

अहो वहिनी, या ना जरा भिंतीपाशी. कढीपत्ता तोडून देते, पण आधी ऐका. आमच्या वन्संच्या पैठणीचं प्रकरण मिटलं एकदाचं.

तुम्हाला कुठून ठाऊक असणार? तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला गेला होतात ना, तेव्हाच रामायण झालं सगळं. ती मोतिया पैठणी आठवते? राणी काठाची, पदरावर बांगडी मोर? येवल्याला जाऊन 28,000ला घेतलेली. मुलाच्या लग्नात नेसल्या, नंतर एका मुंजीत, आणि त्या मुंजीतच कोणीतरी वाढताना पदरावर मठ्ठा सांडला. वन्संनी दुसऱ्या दिवशी साडी ड्रायक्लीनला टाकली. दुकानाचं नाव नाही घेत. जुनं आहे, चालतं आहे, आणि भिंतीला कान असतात.

साडी आली कागदात गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी, घडी अशी देखणी की मोडावीशी वाटू नये. वन्संनी ती काउंटरवरच मोडली. तुम्ही-आम्ही पिशवी घेऊन घरी आलो असतो आणि दिवाळीला कपाट उघडल्यावर बोंब मारली असती. घडी उलगडली तर काय, जिथे जिथे दुमड पडलेली तिथे मोतिया अंगावर गुलाबी ओघळ. पदराशी मोरांच्या पायाखाली तर तळहाताएवढा लालसर ढग. मठ्ठ्याचा डाग गेलेला, हे खरं हं. डाग गेला, साडीपण गेली.

मालक काय म्हणाला असेल? "रेशीम आहे काकू, रंग जायचाच." आणि मग पावती उलटी करून दाखवली. मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेलं, नुकसान झाल्यास धुलाईच्या दहापट रक्कम मिळेल. धुलाई 350, म्हणजे 3,500. येवल्याला ह्या पैशात पैठणीचा पदर तरी दाखवतील का? वर म्हणतो, "ठेवून जा, पुन्हा केमिकल मारून बघतो."

इथे वन्संनी डोकं लावलं. ठेवली नाही. तिथेच काउंटरवर साडी पसरून पावतीसकट फोटो काढले. पावतीवर आधीच्या डागाची नोंद होती, रंग जाईल अशी एक ओळ नव्हती, उलट 'ड्रायक्लीन' असा शिक्काच होता. तक्रार लिहून दिली तर मालक पोच द्यायला तयार नाही. मग तेच पत्र त्याच्या व्हॉट्सअॅपवर टाकलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. चार दिवसांनी रजिस्टर पोस्टाने पाठवलं. आमचा भाचा वकिली करतो ना, तो म्हणाला, मावशी, अर्धी केस इथेच जिंकलीस. साडी पुन्हा त्याच्या हातात दिली असती तर पुरावाच धुऊन निघाला असता.

झालं काय होतं, तेही नंतर कळलं. दुकान म्हणजे नुसतं कपडे घ्यायचं ठिकाण, धुलाई होते दुसरीकडे. आपण ज्याला पेट्रोल वॉश म्हणतो ना, त्याने तूप-तेल निघतं. मठ्ठा-ताक, चहा-सरबत ह्या डागांना पाणीच लागतं. तिथल्या पोराने म्हणून डागावर पाणी मारलं, घासलं, ओलसर असतानाच घडी करून दाबली असणार. राणी रंग सुटला. मला विचाराल तर त्या पोराचा राग नाही येत. त्याला कोण सांगणार होतं? आधी काठाच्या आतल्या कोपऱ्यावर ओलं फडकं दाबून रंग बघायचा, एवढंच तर करायचं होतं. राग येतो तो पावती उलटी करून दाखवणाऱ्याचा.

आणि ऐका, त्या मागच्या छापील अटींना घाबरायचं कारण नाही म्हणे. भाचा सांगत होता, दुसऱ्याची वस्तू कामासाठी ताब्यात घेतली की स्वतःच्या वस्तूसारखी जपायची, हे 1872च्या करार कायद्यातच आहे. इंग्रजांच्या वेळचा कायदा! आणि जपली होती हे दुकानदाराने दाखवायचं, आपण नाही. मद्रासला 1960च्या दशकात एका लॉन्ड्रीने बाईची नवी साडी हरवली, पावतीवर छापलेलं की किमतीचा थोडासाच भाग मिळेल. उच्च न्यायालयाने ती अट मानलीच नाही. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही 1990च्या दशकात लॉन्ड्रीच्याच खटल्यात सांगितलं, गिऱ्हाइकाची सही नाही, अट त्याच्या नजरेला आणून दिली नाही, तर नुसती पावतीमागे छापली म्हणून ती लागू होत नाही. म्हणजे बघा, साड्यांवरून बायका तेव्हापासून भांडतायत.

वन्संना तर तडक ग्राहक मंचात जायचं होतं. आता आयोग म्हणतात, पण लोकांच्या तोंडी मंचच. 2019च्या नव्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागतच नाही, आणि मोबदला 5 लाखांच्या आत असेल तर फी एक पैसा नाही. दोन वर्षांच्या आत करायची. कायदा म्हणतो निकाल तीन महिन्यांत, तपासणीला पाठवायचं झालं तर पाचात. कायदा म्हणतो हं, तारखा काय म्हणतात ते वेगळं. म्हणून भाच्याने आधी 1915 लावायला सांगितला. ग्राहकांची हेल्पलाइन आहे सरकारी, मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदवली, ती दुकानाकडे गेली, आणि काय सांगू, आजवर निळ्या खुणांपलीकडे न सरकलेला माणूस दोन दिवसांनी मिठाईचा पुडा घेऊन दारात!

मग किंमत ठरवायला बसले. तो म्हणतो, नेसलेली साडी आहे, नव्याचे पैसे कसे देऊ? यात तथ्य आहे, नाही म्हणू नये. वन्सं म्हणाल्या, 28,000 आणि वर मनस्तापाचे एक लाख. भाचा खोकला. बिल कुठे आहे, तर गोदरेजच्या कपाटात, जुन्या पासबुकात सापडलं, हाताने लिहिलेलं पण शिक्क्याचं. साडी आधी धड होती याला पुरावा? लग्नाचा अल्बम काढला. प्रत्येक फोटोत पदर पुढे काढून ह्याच उभ्या, नवी सून आपली खांद्यामागून डोकावतेय. एवढे दिवस सून त्यावरून चिडत होती, आता तिनेच पानं उलटून दाखवली.

16,000ला तुटलं, धुलाईचे 350 परत, साडी वन्संकडेच. कागदावर दोघांच्या सह्या, पैसे खात्यात आल्यावरच सही, असा भाच्याचा दंडक. आमचे हे म्हणतात, वीसला ताणायला हवं होतं. ह्यांचं काय जातंय बोलायला? इस्त्रीवाल्याने ह्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर इस्त्रीचा त्रिकोण उमटवला, तेव्हा "असू दे रे, होतं" म्हणून वर चहा पाजला. मला तर 16,000 योग्यच वाटतात. त्याचंही दुकान आहे, आणि साडी काही फेकून नाही दिली.

काय करणार तिचं? नातीला परकर-पोलकं. गुलाबी ओघळ वगळून कापड बेतलं की भरपूर निघतं, काठ तर अख्खा शाबूत आहे. काल शिंप्याकडे देऊन आल्या. मी विचारलं, पावती घेतलीत ना वन्सं? तर म्हणतात, "अगं, तो आपला घरचाच आहे, त्याच्याकडे कसली मागायची पावती!"