गाडी बिघडली काय?

देगलूरला माणूस पायी चालताना दिसला, की त्याची गाडी बिघडलेली असते. दुसरं कारण अजून कुणाला सापडलेलं नाही. मी सहा वर्षं दर रविवारी पाठीवर सॅक टाकून गावाबाहेर पडतो, त्यामुळे माझी गाडी सहा वर्षं बिघडलेली आहे. आमचा गॅरेजवाला हल्ली मला पाहून रस्ता बदलतो.

धंदा माझा बसायचा. लग्नपत्रिका, फ्लेक्स, क्वचित एखाद्या कवितासंग्रहाचं मुखपृष्ठ. पुण्याचे एक प्रकाशक आहेत, ते रविवारी सिंहगड चढून येतात आणि त्यांना वर गेल्यावर म्हणे सुचतं. गोनीदांचं उदाहरण त्यांच्या तोंडी कायम. गोनीदा किल्ले हिंडले, नर्मदेची परिक्रमा केली, मग त्यांनी लिहिलं. तेव्हा तुम्हीही चाला. त्यांचं बरोबरच आहे, फक्त सिंहगड पुण्यात आहे. आमच्याकडे बालाघाटाचे डोंगर देगलूरला येईपर्यंत दमून जमिनीला टेकतात. माहूरला गड आहे, जिल्हाही आमचाच, पण तो पार दुसऱ्या टोकाला. शिवाय माहूरला नुसतं हिंडायला गेलो हे घरी कुणाला खरं वाटत नाही. प्रसाद कुठंय, विचारतात.

तरी मी तयारीने चालतो. बूट पुण्याहून मागवले, तळाला खोल खाचा असलेले. हे बूट कातळाला पकडतात, असं दुकानदार म्हणाला होता. आमच्या काळ्या रानात मातीच बुटाला पकडते. जुलैत होट्टलच्या वाटेवर एका शेतातून पन्नास पावलं टाकली, तर दोन्ही पायांना एकेक पाटी चिकटली. धुऱ्यावर बसून बाभळीच्या काटकीने एकेक खाच कोरत राहिलो. मागून एक आजी खुरपं घेऊन अनवाणी आल्या, थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि ‘काढून हातात घ्या की’ म्हणून पुढे गेल्या. होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिराला मी त्या दिवशी पोचलो नाही. चालुक्यांच्या काळापासून ते तिथंच आहे, म्हणून फारसं मनाला लावून घेतलं नाही.

सॅकचं दुखणं वेगळंच. कुणाला मी औषध कंपनीचा वाटतो, कुणाला टॉवरवाला. एकदा बांधावर उभं राहून नकाशाची घडी उलगडली, तर तीन माणसं जमली. नांदेड-देगलूर-बिदर रेल्वेची आमच्या गावाला किती वर्षांची आस आहे, हे बाहेरच्याला कळायचं नाही. हातात काठी आणि कागद घेतलेला माणूस म्हणजे मोजणीवालाच. ‘आमच्या रानातून जाती का वो?’ एकाने विचारलं. मी नाही म्हणालो. त्याचा चेहरा असा उतरला, की मी घाईघाईने ‘बघू’ म्हणालो.

मागच्या हिवाळ्यात मात्र मी खऱ्याखुऱ्या डोंगरावर गेलो. कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रात त्याच्यावर काही नाही. रात्रभर गाडी, पहाटे बारी गाव, मग चढण आणि लोखंडी शिड्या. वर देवीच्या देवळाजवळ बसलो. आता काहीतरी सुचणार, एवढ्यात फोन वाजला. पत्रिकेत ‘माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ ही ओळ कोणत्या भाच्याच्या नावाने घ्यायची, यावरून मुखेडच्या एका घरात भांडण लागलं होतं. भाचे चार. महाराष्ट्राच्या सर्वांत उंच जागेवर उभं राहून मी चौघांची नावं वयानुसार लिहून घेतली. त्या दिवशी सुचलं ते एवढंच, की चारही नावं घालून अक्षर बारीक करावं.

चालण्याचं आमच्या गावाला वावडं आहे, असं मात्र कुणी समजू नये. वारकरी संत गुंडा महाराजांचं गाव हे. धुंडा महाराज देगलूरकरांनी इथलं नाव पंढरपुरापर्यंत नेलं. खांद्यावर पताका असेल तर माणूस पायी कितीही लांब जावो, त्याच्या गाडीची चौकशी होत नाही. उलट पाणी मिळतं, चहा मिळतो. सॅकला ही सवलत नाही.

म्हणून कार्तिकात एकदा मी खोटं बोललो. मोटारसायकलवाले तिघे थांबून गेले होते, चौथा थांबला. ‘चालत कामून जायलाव? गाडी बिघडली काय? बसा की.’ मी म्हणालो, पंढरपूरला चाललोय. तो झटकन खाली उतरला, चप्पल काढली आणि भर रस्त्यात माझ्या पाया पडला. मग खिशातून एकवीस रुपये काढले आणि विठोबाच्या पायावर घाला म्हणाला. आईच्या नावाने. पुढे बोलायला मला तोंड राहिलं नाही. त्या वेळी माझं तोंड मदनूरकडे, म्हणजे तेलंगणाकडे होतं. पंढरपूर बरोबर पाठीमागे. हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

देगलूर ते पंढरपूर रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. एकवीस रुपये सॅकच्या वरच्या कप्प्यात आहेत. गाडी चालू आहे, पण आता ती नेता येत नाही.